चांदीपुरा : एका ‘किरकोळ’ विषाणूचा इतिहास

मेंदूच्या आजारांच्या संशोधनाचा इतिहास म्हटला की आपले लक्ष बहुधा युरोप-अमेरिकेतील प्रयोगशाळांकडे जाते. या इतिहासातील एक महत्त्वाचे प्रकरण मात्र आपल्या महाराष्ट्रात, नागपूर आणि पुणे येथे सुरू झाले, आणि ते अजून संपलेले नाही.

१९६५ साली नागपूर परिसरात तापाची साथ आली. चिकुनगुन्या आणि डेंग्यू यांचे विषाणू या साथीमागे असल्याचे आढळले. रुग्णांच्या रक्ताची तपासणी पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रात चालू होती. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि रॉकफेलर फाउंडेशन यांनी १९५२ मध्ये स्थापन केलेले हे केंद्र १९७८ पासून राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, म्हणजेच एनआयव्ही, या नावाने ओळखले जाते. दोन रुग्णांच्या रक्तात तेथील संशोधकांना एक तिसराच विषाणू मिळाला. भट्ट आणि रॉड्रिग्ज यांनी १९६७ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि नागपूरजवळच्या चांदीपुरा गावाचे नाव त्याला दिले. बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा हा विषाणू रेबीजच्या विषाणूच्या कुळातला. त्याची जनुकीय सामग्री म्हणजे आरएनएचा एकच धागा, आणि त्यावर पाच मुख्य प्रथिनांची माहिती.

दोन्ही रुग्णांना केवळ ताप होता. पुढे अनेक ठिकाणच्या लोकांच्या रक्तात या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे सापडली. म्हणजे तो पुष्कळांना नकळत होऊन गेला होता. साहजिकच त्याची गणना किरकोळ विषाणूंत झाली. तरीही संशोधकांनी त्याचा पिच्छा सोडला नाही. तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात पकडलेल्या सँडफ्लाय, म्हणजे वाळूमाशी, या कीटकात तो सापडल्याची नोंद १९७० मध्ये प्रसिद्ध झाली.

येथे शिक्षकांनी थोडे थांबावे असे आम्हाला वाटते. उजनीच्या पाणफुगवट्याकाठी असलेल्या भिगवणच्या एखाद्या वर्गात ‘कीटक रोग कसा पसरवतात?’ असे विचारले, तर साचलेले पाणी आणि डास हेच उत्तर बहुधा येईल. वाळूमाशीला मात्र साचलेले पाणी लागत नाही. जेमतेम दोन-तीन मिलिमीटर लांबीची ही माशी गोठ्याजवळच्या ओलसर, शेणकचरा मिसळलेल्या मातीत अंडी घालते आणि दिवसा मातीच्या भिंतींच्या भेगांत लपते. तेव्हा गप्पी मासे सोडून तिचा बंदोबस्त होत नाही. भेगा लिंपणे, गोठा कोरडा व स्वच्छ ठेवणे आणि भिंतींवर कीटकनाशक फवारणे हे उपाय करावे लागतात.

२००३ च्या जून ते सप्टेंबर या काळात आंध्र प्रदेशात मुलांमध्ये भयंकर साथ आली. ताप, उलट्या, आकडी, बेशुद्धी आणि रुग्णालयात दाखल केल्यापासून काही तासांत, फार तर दोन दिवसांत मृत्यू. ३२९ मुले आजारी पडली आणि त्यांपैकी १८३ दगावली. एनआयव्हीच्या संशोधकांना रुग्णांच्या नमुन्यांत चांदीपुरा विषाणू मिळाला. दगावलेल्या एका मुलाच्या मेंदूतही त्याचे आरएनए आढळले. १९६५ चा विषाणू जपून ठेवलेला असल्यामुळे नव्याशी त्याची तुलना करता आली. दोघांत बरेच साम्य होते, थोडे फरकही होते. ‘किरकोळ’ म्हणून तो नमुना टाकून दिला असता, तर ही ओळख इतक्या लवकर पटली नसती.

पण गुन्हेगार सापडला म्हणजे गुन्हा कसा घडला ते कळले असे नाही. काही बालरोगतज्ज्ञांनी शंका घेतली. मेंदूला सूज येऊन मूल दगावायला साधारणपणे अधिक वेळ लागतो. मग येथे इतक्या झटपट काय घडते? हा मेंदूतील रक्तवाहिन्यांवरचा आघात तर नसेल, असे मत त्यांनी मांडले. वाद केवळ शाब्दिक नव्हता. यंत्रणा कोणती यावर उपचारांची दिशा ठरते.

या प्रश्नाची काही उत्तरे पेशींच्या पातळीवर मिळू लागली आहेत. हरियाणातील मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राच्या गटाने २०१३ मध्ये उंदरांची पिल्ले आणि संवर्धित चेतापेशी यांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. पेशीच्या पृष्ठभागावर ‘फास’ नावाचे प्रथिन असते. त्याला बाहेरून संदेश मिळाला की आतील विकरे एकामागून एक कामाला लागतात आणि पेशी स्वतःला संपवते. असा नियोजित पेशीमृत्यू एरवी उपयोगाचाच असतो. गर्भाच्या हाताची बोटे सुटी होतात ती मधल्या पेशी अशा मरतात म्हणून. चांदीपुराची लागण झालेल्या चेतापेशींत हाच मार्ग अवेळी सुरू होतो, असे दिसले. या मार्गातील एक दुवा प्रयोगात अडवला, तेव्हा पेशीमृत्यूचे प्रमाण घटले. बनारस हिंदू विद्यापीठातील गटाने २०२१ मध्ये मानवी मायक्रोग्लिया, म्हणजे मेंदूतील रक्षक पेशी, तपासल्या. विषाणूमुळे त्या पेशींतील एका सूक्ष्म आरएनएचे प्रमाण बदलते आणि दाह वाढवणारी यंत्रणा चेतवली जाते, असे त्यांना आढळले. थोडक्यात, विषाणूच्या हल्ल्याला पेशींचा स्वतःचा प्रतिसादही हानिकारक ठरतो.

हे निष्कर्ष उंदीर आणि काचपात्रातील पेशी यांचे आहेत. मुलाच्या मेंदूतील घटनाक्रम यापेक्षा गुंतागुंतीचा असणार. या विषाणूवर खास औषध वा लस अद्याप नाही. २०२४ च्या जूनपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत भारतात तीव्र मेंदूज्वराचे २४५ रुग्ण नोंदले गेले आणि त्यांपैकी ८२ दगावले. यांतील ६४ जणांना चांदीपुराची लागण झाल्याचे सिद्ध झाले. ते बहुतेक सारे गुजरातमधील होते.

म्हणून आज हाती असलेला सर्वांत मोठा उपाय म्हणजे वेळ वाचवणे. पावसाळ्याच्या तोंडाशी एखाद्या मुलाला एकाएकी तीव्र ताप, उलट्या आणि आकडी आली, तर अंगारा-धुपाऱ्यात वा घरगुती इलाजात तास घालवू नयेत. त्याला थेट रुग्णालयात न्यावे. आकडी थांबवणे, श्वास चालू ठेवणे आणि मेंदूवरचा दाब कमी करणे एवढे डॉक्टर आजही करू शकतात. ही गोष्ट गावातील पालकांना शिक्षकाइतकी पटवून देणारे दुसरे कोणी क्वचितच असेल.