राहू-केतू
१२. राहू-केतू हे दिसणारे ग्रह नव्हेत. चंद्राची कक्षा क्रांतिवृत्ताला जिथे छेदते ते दोन बिंदू, म्हणजे चंद्राचे पात. कुंडलीत ते नेहमी समोरासमोर असतात आणि उलट्या गतीने सुमारे १८.६ वर्षांत राशिचक्र पुरे करतात. फलज्योतिषात राहू भोगलालसेचा कारक, केतू विरक्तीचा व मोक्षाचा. विंशोत्तरी दशापद्धतीत त्यांच्या महादशा १८ आणि ७ वर्षांच्या. अमावास्येला सूर्य पाताजवळ असला, की सूर्यग्रहण घडते. ६ जानेवारी १६६५ रोजी (पौष अमावास्या, शके १५८६) अशाच ग्रहणपर्वात शिवरायांनी महाबळेश्वरी जिजाऊसाहेब व सोनोपंत डबीर यांची सुवर्णतुला केली. गावोगावची ‘दे दान, सुटे गिराण’ ही हाक ग्रहणकाळच्या अशाच दानधर्माची.