त्या शनिवारची वाट पाहणारे कलकत्ता

२९ जुलै १९११ हा दिवस शनिवार होता. त्या संध्याकाळी कलकत्त्याच्या मैदानावर आय. एफ. ए. शिल्डचा अंतिम सामना व्हायचा होता. एका बाजूला ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटचा गोऱ्या शिपायांचा संघ आणि दुसऱ्या बाजूला मोहन बागान हा बंगाली तरुणांचा क्लब. सामन्याचा निकाल आज बहुतेकांना ठाऊक असतो. मोहन बागानने दोन विरुद्ध एक गोलने सामना जिंकला. परंतु निकाल माहीत असला की एक गोष्ट आपल्या हातून निसटते. त्या शनिवारच्या आधी लोकांच्या मनात काय चालले होते, हे आपण विसरून जातो. निकाल माहीत नसलेल्या त्या लोकांविषयी आज थोडे बोलायचे आहे.

आधी प्रतिस्पर्धी समजून घेऊ. आय. एफ. ए. शिल्ड ही स्पर्धा १८९३ साली सुरू झाली. त्यानंतरच्या अठरा वर्षांत एकाही हिंदी संघाला ती जिंकता आली नव्हती. ढाल कधी या पलटणीकडे जाई, कधी त्या पलटणीकडे, तर कधी कलकत्त्यातल्या गोऱ्यांच्या क्लबाकडे. नावे बदलत, पण ढाल गोऱ्यांच्याच घरी राही. शिपायांचे जेवणखाण, व्यायाम, सराव, सारे सरकारी खर्चाने होई. कवायतीने कमावलेली शरीरे आणि पायांत जाड चामड्याचे बूट. कलकत्त्याची फुटबॉल लीग १८९८ पासून चालू होती, पण तिच्या पहिल्या विभागात १९११ साली एकही हिंदी क्लब नव्हता. म्हणजे बलाढ्य संघांशी वर्षभर खेळून तयार व्हावे, अशी सोयच नव्हती. शिल्डसारख्या स्पर्धेत जी गाठ पडेल, तीच काय ती परीक्षा.

आणि या बाजूला कोण होते? मोहन बागान क्लब १८८९ साली उत्तर कलकत्त्यात निघाला. तिथल्या एका बागबंगल्याचे नाव मोहन बागान, तेच क्लबाने घेतले. वकील आणि पुढारी भूपेंद्रनाथ बसू हे पहिले अध्यक्ष. १९११ च्या संघाचा कप्तान शिवदास भादुरी. त्याचा भाऊ विजयदास त्याच्याच शेजारी खेळे. कोणी कॉलेजात शिकणारा, कोणी कचेरीत कारकुनी करणारा, कोणी बँकेत. दिवसभराचे काम उरकून ही मंडळी सरावाला येत. सैन्यात नोकरी केलेले चिटणीस शैलेन बसू यांनी त्यांना शिस्त लावली होती. अकरांपैकी दहा जण अनवाणी खेळत. बूट घालणारे एकटे सुधीर चटर्जी. ते ख्रिस्ती होते आणि कॉलेजात शिकवत.

अनवाणी खेळणे ही हौस नव्हती. बूट महाग होते आणि त्यांची सवयही नव्हती. अनवाणी पायाला चेंडू चांगला कळतो, वळणे चटकन घेता येतात, हे खरे. पण जुलै महिन्यात बंगालमध्ये पाऊस असतो. ओल्या मैदानावर उघडा पाय घसरतो आणि बुटाखालच्या खिळ्या चिखलात रुतून आधार देतात. त्यामुळे सामन्याच्या आधी आकाशाकडे डोळे लावून बसणे हा कलकत्त्याच्या प्रेक्षकाचा नेमच होता. शेतकरी पाऊस यावा म्हणून वर बघतो, हा येऊ नये म्हणून.

शिल्डमधली वाटचालही सोपी नव्हती. पहिल्या फेरीत सेंट झेवियर्सचा तीन-शून्य असा पराभव झाला. नंतर रेंजर्सवर दोन-एक, मग रायफल ब्रिगेडवर एक-शून्य. उपांत्य फेरीत मिडलसेक्स रेजिमेंटशी एक-एक अशी बरोबरी झाली आणि सामना पुन्हा खेळवावा लागला. तो मोहन बागानने तीन-शून्य असा जिंकला. नीट पाहिले तर या यादीतच लोकांच्या मनाचा आलेख दिसतो. रेंजर्सला हरवले तेव्हा लोकांना आनंद झाला असेल. रायफल ब्रिगेडला हरवले तेव्हा नवल वाटले असेल. पण मिडलसेक्सवर तीन गोल चढले, तेव्हा पहिल्यांदाच भीती वाटू लागली. कारण आता खरोखरच जिंकता येईल, असे दिसू लागले. ज्याला काहीच मिळणार नाही हे ठाऊक असते, तो निर्धास्त झोपतो. मिळण्याची शक्यता दिसली की झोप उडते.

मिडलसेक्स ते ईस्ट यॉर्कशायर यांत मोजकेच दिवस होते. या दिवसांत सामन्याची बातमी कलकत्त्याबाहेर पसरली. रेडिओ अजून जन्माला यायचा होता. वर्तमानपत्र, तार आणि माणसांची तोंडे एवढीच साधने. तरीही ढाक्याकडून, आसामकडून माणसे निघाली. वर्धमानहून ईस्ट इंडियन रेल्वेने खास गाडी सोडली. हुगळी नदीवर जादा आगबोटी धावल्या. शनिवारी दुपारपासून ट्रामगाड्या मैदानाच्या दिशेने माणसांनी लगडून चालल्या होत्या. तिकिटांचा काळा बाजार झाला. दोन रुपयांचे तिकीट पंधरा रुपयांना गेले, असे वर्णन आहे. त्या काळातले पंधरा रुपये म्हणजे साध्या नोकरदाराचा महिन्याच्या पगाराचा मोठा हिस्सा.

मैदानावर किती लोक जमले याचे अंदाज साठ हजारांपासून एक लाखापर्यंत दिले जातात. आकडा कोणताही धरा, एवढ्या लोकांना सामना दिसणे शक्यच नव्हते. आजच्यासारखे स्टेडियम नव्हते. चांगल्या जागा गोऱ्या सभासदांच्या. बाकीच्यांनी मिळेल तिथे उभे राहायचे. काही हुशार विक्रेत्यांनी लाकडी खोकी आणली आणि त्यांवर उभे राहण्याचे पैसे घेतले. माणसे झाडांवर चढली. ज्यांना यातले काहीच साधले नाही, त्यांच्यासाठी एक युक्ती निघाली. गोल झाला की आकडा लिहिलेला पतंग वर चढवायचा. दूर उभ्या असलेल्या हजारो लोकांनी तो सामना असा आकाशात वाचला. गोल कोणी केला, कसा केला, काही कळायचे नाही. कळायचा फक्त आकडा. तरीही माणसे हलली नाहीत.

आता प्रश्न असा, की एका खेळाच्या सामन्यासाठी एवढा जीव का टाकावा? याचे उत्तर त्या पंधरा दिवसांत सापडत नाही. त्यासाठी मागे जावे लागते. मेकॉलेने १८४१ साली वॉरन हेस्टिंग्जवर निबंध लिहिला. त्यात त्याने बंगाली माणसाला दुबळा आणि बायकी ठरवले. पुढे १८५७ नंतर सैन्यभरतीत ‘लढाऊ जाती’ आणि इतर असा भेद रूढ झाला आणि बंगाली माणूस ‘इतरां’त पडला. तो कारकून व्हावा, वकील व्हावा, पण त्याने बंदूक धरू नये. हा शिक्का दोन पिढ्या कपाळावर राहिला. बंगालमध्ये आखाडे निघाले, व्यायामशाळा निघाल्या, त्यामागे ही बोच होती. आणि गोऱ्यांनीच शाळा-कॉलेजांतून आणलेला फुटबॉल हा असा एकच आखाडा होता, जिथे गोऱ्या शिपायाला कायद्याच्या चौकटीत राहून खांद्याने धक्का देता येत होता.

त्यात १९०५ साली कर्झनने बंगालची फाळणी केली. स्वदेशी आणि बहिष्काराची चळवळ पेटली. आपल्याकडे लोकमान्य टिळकांनी ती उचलून धरली. १९०८ साली त्यांना शिक्षा झाली आणि १९११ च्या त्या जुलैमध्ये ते मंडालेच्या तुरुंगात होते. बंगालची फाळणी तेव्हाही कायम होती. मोहन बागानच्या त्या अकरांपैकी बरेच जण मूळचे पूर्व बंगालचे. म्हणजे सरकारने नकाशावर रेघ ओढून दोन केलेला बंगाल मैदानावर एका संघातून उतरत होता. हे कोणी भाषणात सांगण्याची गरज नव्हती. ढाक्याहून आलेल्या माणसाला ते कळत होते.

म्हणून तो सामना म्हणजे स्वातंत्र्याची लढाई होती, असे म्हणायचा मोह होतो. मला वाटते, इथे थोडे थांबावे. खेळणारे खेळाडूच होते. त्यांतले काही सरकारी नोकर होते. चेंडूमागे धावताना त्यांच्या मनात फाळणी होती की विजयदासचा पुढचा पास, हे कोण सांगणार? पाहणाऱ्यांचे मात्र वेगळे होते. खेळाडूला सामना जिंकायचा असतो. प्रेक्षकाला त्यातून आणखी काही जिंकायचे असते. ते काय, हे दर वेळी त्याचे त्यालाही नेमके सांगता येत नाही.

सामना झाला तो असा. उत्तरार्धात ईस्ट यॉर्कशायरच्या सार्जंट जॅक्सनने पहिला गोल केला. विरोधी गोलाचा पतंग आधी चढला. त्या काही मिनिटांत दूरच्या गर्दीचे काय झाले असेल, याची कल्पनाच करावी. मग शिवदास भादुरीने बरोबरी साधली. आणि सामना संपत आला असताना अभिलाष घोषने दुसरा गोल केला. शिट्टी वाजली तेव्हा टोप्या, छत्र्या, काठ्या, रुमाल सगळे हवेत गेले. मुस्लिम स्पोर्टिंग क्लबचे सभासद आनंदाने जमिनीवर लोळले, अशी नोंद त्या वेळच्या वृत्तपत्रात आहे. फाळणीने हिंदू-मुसलमानांत अंतर पाडले होते, त्या काळातली ही नोंद आहे, म्हणून तिचे मोल अधिक. ‘नायक’ या बंगाली पत्राने तर भात खाणाऱ्या, हिवतापाने गांजलेल्या, अनवाणी बंगाल्याने गोमांस खाणाऱ्या, बूट घातलेल्या धिप्पाड जॉन बुलला लोळवले, अशा आशयाचे लिहिले. मेकॉलेला सत्तर वर्षांनी मिळालेले हे उत्तर होते.

आपल्या महाराष्ट्राला हा अनुभव अगदीच परका नव्हता. १९०६ साली मुंबईत हिंदूंच्या क्रिकेट संघाने युरोपियनांना हरवले. त्या विजयात पळवणकर बाळू आणि शिवराम या बंधूंचा मोठा वाटा होता. योगायोग असा, की १९११ च्या उन्हाळ्यात, मोहन बागान शिल्ड खेळत होते त्याच दिवसांत, बाळू हिंदी क्रिकेट संघाबरोबर इंग्लंडमध्ये होते आणि त्या दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातला हा गोलंदाज साहेबाच्या घरी साहेबाला बाद करत होता. एक इंग्लंडमध्ये हाताने, दुसरे कलकत्त्यात पायाने, पण काम एकच चालले होते.

एवढ्यावर गोष्ट संपवली तर ती गोड होईल, पण पुरी होणार नाही. १२ डिसेंबर १९११ रोजी दिल्ली दरबारात बंगालची फाळणी रद्द झाली, तशीच राजधानीही कलकत्त्याहून दिल्लीला नेण्याचे जाहीर झाले. मैदानावरही तसेच. दुसऱ्या वर्षापासून ढाल पुन्हा गोऱ्यांकडे गेली. लीगच्या दुसऱ्या विभागात मोहन बागानला जागा मिळाली ती १९१४ साली, आणि पहिल्या विभागात १९१५ साली. पुढे कित्येक वर्षे पहिल्या विभागात दोनच हिंदी क्लब ठेवायचे, असा नियम होता. १९२३ साली मोहन बागान रोव्हर्स कपसाठी मुंबईला आले आणि अंतिम सामन्यात डरहॅम लाइट इन्फंट्रीकडून हरले. मुंबईचा हा रोव्हर्स कप हिंदी संघाने प्रथम जिंकला तो १९३७ साली, आणि तो संघ होता बंगळूर मुस्लिम्स. आय. एफ. ए. शिल्डवर पुन्हा हिंदी संघाचे नाव कोरले जायला पंचवीस वर्षे लागली. १९३६ साली मोहमेडन स्पोर्टिंगने ती जिंकली. याच क्लबने १९३४ ते १९३८ अशी सलग पाच वर्षे कलकत्ता लीगही जिंकली. म्हणजे बलाढ्य प्रतिस्पर्ध्याचे बळ एका संध्याकाळी संपत नाही. संपतो तो त्याच्याविषयीचा समज.

या सामन्याची एक दंतकथा बंगालमध्ये अजून सांगतात. विजयानंतर एका वृद्धाने फोर्ट विल्यमवरच्या युनियन जॅककडे बोट दाखवून खेळाडूंना विचारले, हे तर झाले, पण ते कधी उतरणार? तेव्हा म्हणे उत्तर मिळाले, मोहन बागान पुन्हा शिल्ड जिंकेल तेव्हा. हे खरेच घडले की मागाहून रचले गेले, कोण जाणे. पण मोहन बागानने शिल्ड पुन्हा जिंकली ती १९४७ सालीच. एवढा चपखल योगायोग असल्यावर लोकांनी ही कथा जपली नसती तरच नवल.

मोहन बागान क्लब २००१ पासून २९ जुलै हा दिवस ‘मोहन बागान दिन’ म्हणून साजरा करतो. त्या दिवशी अकरा खेळाडूंची आठवण निघते, ते योग्यच आहे. पण त्या संध्याकाळी मैदानापासून दूर, मान वर करून उभ्या राहिलेल्यांचीही आठवण व्हावी, असे वाटते. त्यांची नावे कुठेच नाहीत. दिवसभराचा प्रवास करून ते आले. त्यांना चेंडू दिसला नाही, खेळाडू दिसले नाहीत. अठरा वर्षांत जे एकदाही घडले नव्हते, ते आज घडेल असे धरून ते आकाशाकडे बघत राहिले. आधी चुकीचा पतंग चढला, तरी घराकडे वळले नाहीत.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)