खेळयंत्रावरील आज्ञावलीलेखन

खेळयंत्रावरील आज्ञावलीलेखन : दूरचित्रवाणी संचाला जोडून खेळ खेळण्यासाठी बनविलेले यंत्र गेम कन्सोल किंवा खेळयंत्र या नावाने ओळखले जाते. नवशिक्यास संगणकाच्या आज्ञावल्या लिहिता याव्यात म्हणून या यंत्राचा उपयोग करण्याचे प्रयत्न १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून झाले आहेत. खेळयंत्र हा वस्तुतः संगणकच होय. त्यात सूक्ष्मप्रक्रियक, स्मृती आणि चित्रनिर्मितीची मंडले असतात. तथापि कळफलक आणि लिहिलेले जतन करण्याचे साधन सहसा नसते. या उणिवेचे कारण तांत्रिक नसून मुख्यत्वे व्यापारी आहे. निर्मात्याचा नफा बव्हंशी खेळांच्या विक्रीतून येत असल्यामुळे घेणाऱ्याने खेळ विकत घ्यावेत, स्वतः रचू नयेत, अशीच यंत्राची योजना असते. त्यामुळे नवशिक्यांना मिळालेली मुभा बहुधा मर्यादित राहिली.

अमेरिकेत बॅली कंपनीच्या खेळयंत्रासाठी १९७८ मध्ये बेसिक या भाषेचे कार्ट्रिज निघाले. बेसिक ही भाषा डार्टमथ महाविद्यालयात जॉन केमेनी व टॉमस कर्ट्‌झ यांनी १९६४ मध्ये विज्ञानेतर विषयांच्या विद्यार्थ्यांचाही विचार करून तयार केली होती. बॅलीच्या यंत्रावर कळफलक नसल्याने २४ कळांच्या आकडेपाटीवर छापील आवरण ठेवून अक्षरे व आज्ञा उमटवाव्या लागत. या यंत्राच्या हौशी लेखकांनी आर्केडियन नावाचे वार्तापत्र चालविले व त्यातून ते एकमेकांच्या आज्ञावल्या वाचून शिकत. अटारी कंपनीसाठी वॉरन रॉबिनेट यांनी १९७९ मध्ये तयार केलेल्या बेसिक प्रोग्रॅमिंग या कार्ट्रिजपुढील अडचण अधिक मोठी होती. त्या यंत्राची एकूण बदलती स्मृती अवघी १२८ बाइट होती व शिकणाऱ्याच्या आज्ञावलीस त्यांपैकी सु. निम्मीच मिळे. आज्ञावली, चलांची मूल्ये व निष्पत्ती पडद्यावर वेगवेगळ्या चौकटींत एकाच वेळी दिसत आणि एकेक पायरीने आज्ञावली चालविता येई. त्यामुळे यंत्र आत काय करते, हे नवशिक्याला प्रत्यक्ष पाहता येई. मात्र आज्ञावली जतन करण्याची सोय नसल्याने यंत्र बंद करताच लिहिलेले सर्व नाहीसे होई.

या प्रयत्नांतील सर्वांत परिणामकारक प्रयत्न जपानमध्ये झाला. निन्टेन्डो कंपनीने जुलै १९८३ मध्ये फॅमिकॉम हे खेळयंत्र विक्रीस आणले व २१ जून १९८४ रोजी त्यासाठी फॅमिली बेसिक हा संच काढला. त्याच्या निर्मितीत शार्प ही कंपनी आणि सापोरो येथील हडसन सॉफ्ट ही कंपनी सहभागी होती. संचात कार्ट्रिज, कळफलक व माहितीपुस्तक असे. लिहिलेली आज्ञावली ध्वनिफितीवर उतरवून ठेवता येई. शिकणाऱ्यास सु. २ किलोबाइट स्मृती मिळे. १९८५ च्या सुधारित आवृत्तीत ती सु. ४ किलोबाइट झाली. मारिओ, पेंग्विन, मोटारगाडी इ. तयार हलती चित्रे कार्ट्रिजमध्येच असल्याने मोजक्या ओळींत एखादे पात्र पडद्यावर चालविता येई. प्रत्येक ओळीस क्रमांक देणे, ‘गोटू’ने मागील ओळीकडे परतणे, ‘इफ’ने अट तपासणे या मूलभूत गोष्टी मूल अशा रीतीने खेळाच्या ओघात शिके. एखादे अक्षर चुकले, तर यंत्र थांबून चूक असलेल्या ओळीचा क्रमांक दाखवी. चूक शोधण्याची सवय हा या शिक्षणाचा मोठा लाभ होता. पुढे पोकेमॉन ही खेळमालिका निर्माण करणारे सातोशी ताजिरी यांनी फॅमिकॉमचे कार्य समजून घेण्यासाठी याच संचाचा उपयोग केला होता.

हा संच जपानबाहेर विकला गेला नाही. उलट १९८५ मध्ये अमेरिकेत आलेल्या याच यंत्राच्या आवृत्तीत अनधिकृत कार्ट्रिज नाकारणारे कुलूप-मंडल बसविलेले होते. फॅमिकॉमच्या नकलांतून मात्र ही पद्धत अन्यत्र पसरली. चीनमध्ये १९९० नंतरच्या दशकात सुबोर कंपनीने कळफलकयुक्त यंत्रे ‘अभ्यासयंत्र’ म्हणून विकली. भारतातही तशी स्वस्त यंत्रे बाजारात आली. महाराष्ट्रात ती ‘टीव्ही गेम’ आणि त्यांची कार्ट्रिजे ‘कॅसेट’ या नावांनी परिचित होती. टंकलेखनाच्या धड्यांबरोबर बेसिकही त्यांत असे. संगणक परवडत नसलेल्या घरांत दूरचित्रवाणी संच असल्यामुळे आज्ञावलीलेखनाची पहिली ओळख काही मुलांना याच मार्गाने झाली. तथापि आज्ञा इंग्रजीत असत, स्थानिक भाषेत माहितीपुस्तक नसे आणि पुष्कळ यंत्रांत जतनाची सोयही नसे. म्हणून ही ओळख सहसा पुढे गेली नाही.

सोनी कंपनीने जपानमध्ये १९९६ मध्ये व यूरोप-अमेरिकेत १९९७ मध्ये नेट यारोझे हे काळ्या रंगाचे प्लेस्टेशन हौशी लेखकांसाठी काढले. ते व्यक्तिगत संगणकास जोडून सी भाषेत खेळ लिहिता येत. तयार झालेला खेळ सामान्य प्लेस्टेशनवर देता येत नसे. काही निवडक खेळ यूरोपातील नियतकालिकांबरोबरच्या तबकड्यांवर प्रसिद्ध झाले. सन २००० मध्ये यूरोपातील प्लेस्टेशन २ सोबतच्या तबकडीवर याबेसिक ही बेसिकची आवृत्ती दिलेली होती. हडसनच्याच सापोरो शहरातील स्माइलबूम या कंपनीने २०११ मध्ये निन्टेन्डोच्या हातात धरावयाच्या यंत्रासाठी पेटिट कॉम्प्युटर ही बेसिकची आवृत्ती काढली. तिच्या पुढील आवृत्तीत आज्ञावली क्यूआर संकेतचित्रांत रूपांतरित करून कागदावरही इतरांस देता येई. निन्टेन्डोने २०२१ मध्ये काढलेल्या गेम बिल्डर गॅरेजमध्ये लिखित आज्ञांऐवजी पडद्यावरील घटक एकमेकांस जोडून खेळ रचावा लागतो.

या इतिहासात लहान स्मृती ही शिक्षणास फारशी बाधक ठरली नाही. तिच्यामुळे काटकसरीने विचार करण्याची सवयच लागली. खरी मर्यादा मालकीची होती. शिकणाऱ्याने रचलेला खेळ निर्मात्याच्या यंत्राबाहेर क्वचितच गेला आणि निर्मात्याने सोय बंद केली, की नव्या शिकणाऱ्यांची वाटही बंद झाली. पेटिट कॉम्प्युटर ज्या विक्रीसेवांतून मिळे, त्यांपैकी डीएसआयची सेवा मार्च २०१७ मध्ये व ३डीएसवरील खरेदीची सोय मार्च २०२३ मध्ये बंद झाली. कागदावर छापलेली संकेतचित्रे टिकून असली, तरी ती वाचू शकणारी आज्ञावली त्या सेवांतून नव्याने विकत घेता येत नाही.