लेक, सून आणि रक्तदाबाचा वारसा

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत मी काही उपयोगी लिहावे, असा चिटणीसबाईंचा आग्रह झाला. मी सातवीपर्यंत शिकलेली गृहिणी. परंतु ज्या दुखण्याने कित्येक घरांतील पहिलटकरणी गेल्या, त्याचा इतिहास मी विचारून व वाचून घेतला आहे. तो आपल्या साध्या भाषेत सांगते.

दिवस भरत आले की काही बायकांच्या तोंडावर व हातांवर सूज येते, डोके ठणकते, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि शेवटी झटके येतात. पूर्वी याला बाहेरची बाधा समजत. १८४३ साली लंडनच्या डॉक्टर जॉन लीव्हर यांना अशा बायकांच्या लघवीत प्रथिन सापडले. १८९६ साली इटलीच्या रिवा-रोच्ची यांनी दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याचे यंत्र तयार केले. मग कळले, की झटक्यांच्या आधी रक्तदाब चढलेला असतो. डॉक्टर पुष्कळ वर्षे याला 'टॉक्सिमिया', म्हणजे विषबाधा, म्हणत. पण ते विष काही कोणाला सापडले नाही.

हे दुखणे घराण्यात चालते काय? अमेरिकेत जर्सी सिटी येथील प्रसूतिगृहात झटके आलेल्या बायकांचा माग लिऑन चेस्ली यांनी कित्येक वर्षे ठेवला. १९८६ साली त्यांनी हिशेब मांडला. त्या बायकांच्या शंभर बहिणींत ३७ जणींना हा विकार झाला, लेकींत २६, नातींत १६ आणि सुनांत अवघ्या ६ जणींना! लेक रक्ताची, सून परक्या घरची. एवढ्या फरकावरून वारसा उघड झाला.

म्हणून सारा दोष सुनेच्या माहेराला द्यावा काय? मुळीच नाही. १९९८ साली नॉर्वेत दिसून आले, की एका पत्नीच्या गरोदरपणी हा विकार झाला असेल, तर त्याच पुरुषापासून दुसऱ्या स्त्रीला दिवस गेले तरी तो होण्याचा संभव जवळजवळ दुप्पट असतो. कारण वार ही बाळाच्या बीजातून वाढते आणि त्या बीजात निम्मा वाटा बापाचा असतो. २०१७ साली तर बाळाच्याच जनुकांत, एफएलटी-१ नावाच्या जनुकाजवळ, या विकाराशी जुळणारी खूण मिळाली. मात्र एकाच जनुकाने सारे ठरत नाही. अनेक जनुकांचा थोडा थोडा हात असतो. शिवाय पहिले बाळंतपण, जुळे, मधुमेह, स्थूलपणा हीही कारणे आहेत.

आपल्या शिरपूर तालुक्यात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सातपुड्यातील पावरा व भिल्ल समाजांत सिकलसेल आढळतो. आई व बाप दोघांकडूनही हा दोष आलेल्या स्त्रीला गरोदरपणी रक्तदाबाचा धोका अधिक असतो. तेव्हा ही तपासणी चुकवू नये.

माझ्या थोरल्या जाऊबाईंना पहिल्या खेपेस झटके आले. त्या वाचल्या, बाळ गेले. पुढे कित्येक वर्षे त्यांनी 'पांढऱ्या पायाची' हे बोल ऐकले. आज त्यांच्या लेकीला दिवस गेले आहेत आणि ही हकीकत तिच्या सासरी सांगू नये, असे घरातील वडीलधारे म्हणतात. मला ते पटत नाही. जाऊबाईंनी सोसलेले बोल लेकीला ऐकावे लागतील ही भीती खोटी नाही. पण लपविल्याने लेकीचा जीव धोक्यात येईल. जोखीम आधी कळली, तर डॉक्टर तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून थोड्या मात्रेत ॲस्पिरिन देतात. मात्र ते आपल्या मनाने घेऊ नये. दर खेपेस रक्तदाब व लघवी पाहतात. झटक्यांवर मॅग्नेशियम सल्फेट सर्वांत गुणकारी, हे १९९५ साली अनेक देशांतील तपासणीत ठरले. आपल्या सोलापूरच्या डॉक्टर सुमन सरदेसाई यांनी तर भारतीय बायकांच्या अंगयष्टीला मानवेल अशी त्याची कमी मात्रा २००३ साली प्रसिद्ध केली.

भगिनींनो, सोयरीक जमविताना आपण कूळ, शेतीवाडी सारे विचारतो. सुनेला दिवस गेले, की आणखी दोनच प्रश्न विचारा. तिच्या आईला वा बहिणीला हा त्रास झाला होता काय? आणि आपल्या मुलाच्या वेळी आपल्याला झाला होता काय? दोन्ही उत्तरे दवाखान्यात सांगा. पायगुणाची भाषा मात्र आता आपल्या गल्लीतून कायमची जाऊ द्या.