आस्तिक ग्रे, साशंक डार्विन

२०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञान पुस्तकातील ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ या प्रकरणातून उत्क्रांती वगळली गेली. १,८०० हून अधिक वैज्ञानिक व शिक्षकांनी निषेधपत्रावर सह्या केल्या. असा वाद निघाला की डार्विन विरुद्ध ईश्वर हा सामना लावला जातो. तो डार्विन यांनाच मान्य नव्हता. निष्ठावान आस्तिक उत्क्रांतिवादी असू शकतो याविषयी शंका घेणेच त्यांना हास्यास्पद वाटे. १८७९ च्या पत्रात त्यांनी दाखला दिला तो एसा ग्रे यांचा. हार्वर्डचे हे श्रद्धाळू ख्रिस्ती वनस्पतिशास्त्रज्ञ अमेरिकेतील नैसर्गिक निवडीचे खंदे समर्थक होते. स्वतः डार्विन मात्र साशंक. सुरवंटाला जिवंतपणी आतून खाणाऱ्या अळ्या दयाळू ईश्वराने हेतुतः निर्माण केल्या, हे त्यांना पटेना. तसे त्यांनी १८६० मध्ये ग्रे यांनाच कळवले. पत्रव्यवहार पुढेही चालूच राहिला. दहावीनंतर जीवशास्त्र सोडणाऱ्या मुलांपर्यंत मात्र २०२३ च्या काटछाटीने हा प्रश्नच पोचेनासा केला.