विकत मिळणारा हिवाळा

आल्प्समधल्या श्रीमंत गावांविषयी आपल्या मनात जे चित्र असते, ते बहुतांशी चित्रपटांनी आणि सहलकंपन्यांच्या रंगीत पत्रकांनी रंगवलेले आहे. बर्फ, सूचिपर्णी वृक्ष, उतारांवरून सुसाट येणारी माणसे. आणि हे सारे निसर्गाने आयते दिलेले, असा भास. स्वित्झर्लंडच्या एंगाडिन खोऱ्यातील सेंट मॉरिट्झचा इतिहास पाहू लागलो, की हा भास टिकत नाही. तेथील आकर्षण निसर्गदत्त कमी आणि रचलेले अधिक आहे, असे आम्हांस वाटते.

सुमारे १,८०० मीटर उंचीवरचे हे गाव मुळात ओळखले जाई ते पाण्यासाठी. येथील लोहयुक्त झऱ्याभोवती बसवलेले लाकडी ओंडके कांस्ययुगातले, म्हणजे तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचे आहेत. सोळाव्या शतकात पॅरासेल्सस या वैद्याने या पाण्याची थोरवी सांगितली. पाहुणे येत, पण उन्हाळ्यात. हिवाळा हा या खोऱ्याचा वैरीच होता. डोंगरातली शेती सर्वांच्या पोटाला पुरत नसे. म्हणून एंगाडिनची मुले पिढ्यान्‌पिढ्या परमुलखात जात आणि व्हेनिससारख्या शहरांत मिठाई व केक करणारे कारागीर म्हणून नाव कमावीत. ज्या खोऱ्यातून माणसे पोटासाठी बाहेर पडत होती, त्याच खोऱ्यातला सर्वांत कठीण ऋतू पुढे विकावयास निघाला, ही या इतिहासातली खरी कलाटणी होय.

तिचे श्रेय योहानेस बाड्रुट या हॉटेलमालकास दिले जाते. १८६४ साली त्याने आपल्या इंग्रज पाहुण्यांशी पैज लावली, असे सांगतात : हिवाळ्यात या, येथील ऊन आवडले नाही तर प्रवासखर्च माझा. ही कथा बरीचशी दंतकथेच्या अंगाने जाणारी आहे. पण तिच्यात विक्रीचे मर्म नेमके आले आहे. धुक्याने आणि कोळशाच्या धुराने कोंदलेल्या लंडनच्या माणसाला कोरड्या थंडीतले स्वच्छ ऊन ही अपूर्वाईच होती. १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात पाहिलेला विजेचा दिवाही बाड्रुटने लवकरच आपल्या हॉटेलात आणला. निसर्ग पाहावयास येणाऱ्याला शहरातल्याहून अधिक सुखसोयी हव्या असतात, हे त्याने अचूक ओळखले होते.

आज स्कीइंगमुळे प्रसिद्ध असलेल्या या गावी आरंभी स्कीइंग नव्हते, ही गोष्टही ध्यानात घ्यावी. इंग्रजांचे खेळ म्हणजे स्केटिंग, कर्लिंग आणि घसरगाडी. क्रेस्टा येथील बर्फाची घसरवाट १८८४-८५ च्या हिवाळ्यातली. १९०४ साली आल्बुला मार्गाची रेल्वे गावात पोहोचली. १९२८ मध्ये येथे हिवाळी ऑलिंपिक भरले, तेव्हाही उतारावरच्या स्कीइंगला त्यात स्थान नव्हते. आणि अवेळी बर्फ वितळल्याने दहा हजार मीटरची स्केटिंग शर्यत रद्द करावी लागली. १९४८ मध्ये ऑलिंपिक पुन्हा येथेच आले, तोवर उतारावरच्या शर्यती स्थिरावल्या होत्या.

याच प्रांतातल्या डावोसने तीच हवा क्षयरोग्यांना देऊ केली. टोमास मान यांची १९२४ ची कादंबरी तेथील आरोग्यधामात घडते. आपल्याकडील ‘हवापालट’ या शब्दाचे दोन अर्थ जणू या दोन गावांनी वाटून घेतले : एकाकडे आजारी माणसाची गरज, दुसऱ्याकडे धडधाकट माणसाची हौस.

मराठी शिकवणाऱ्या आम्हांला या इतिहासात सर्वाधिक अस्वस्थ करते ती भाषेची बाजू. या गावाचे रोमान्श नाव सान मुरेत्सान. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी येथे रोमान्शच बोलली जाई; १९०० पर्यंत रोमान्श बोलणारे स्वतःच्याच गावात अल्पसंख्य झाले. कोणी बंदी घातली नव्हती. हॉटेलात चाकरी मिळावयाची तर पाहुण्यांची भाषा हवी, बाहेरून आलेल्या कामगारांशी बोलायचे तर जर्मन वा इटालियन हवी, एवढेच कारण पुरले. १९३८ साली स्विस मतदारांनी मोठ्या बहुमताने रोमान्शला राष्ट्रभाषांत स्थान दिले. पण या गावापुरता तो सन्मान फार उशिरा आला.

घरांचेही तसेच. वर्षातून काही आठवडे उघडणारी घरे वाढत गेली, आणि बारमाही राहणाऱ्यांना जागा परवडेनाशी झाली. २०१२ साली देशाने अल्प बहुमताने कौल दिला, की कोणत्याही गावात अशी दुय्यम घरे २० टक्क्यांहून अधिक नसावीत. पर्यटनावर जगणाऱ्या डोंगराळ भागांतून मात्र त्याला मोठा विरोध झाला. हा विरोध आम्हांस ढोंगी वाटत नाही. ज्यांचे पूर्वज पोटासाठी परदेशी गेले, त्यांना घरबसल्या मिळणारी भाकर सोडवत नाही, हे समजण्यासारखे आहे.

म्हणून सेंट मॉरिट्झला केवळ धनिकांचे खेळणे म्हणून हसून सोडून देणे सोपे असले, तरी न्याय्य नव्हे. त्या गावाने आपला हिवाळा विकून दारिद्र्य घालवले. त्या व्यवहारात भाषा आणि घरेही हातची जाऊ लागतील, हे पहिल्या पाहुण्याचे स्वागत करताना कुणाच्या ध्यानीमनी नव्हते. आपली गावे पर्यटकांसाठी सजवू पाहणाऱ्यांनी या इतिहासाचा हा उत्तरार्धही वाचावा, एवढेच आमचे म्हणणे.