आर्नोच्या संगमावरची छत्री

इतिहास शिकवणाऱ्या मास्तराची फजिती बहुधा शेवटच्या बाकावरून होते. माझीही तशीच झाली. कोल्हापूर संस्थानचा धडा चालला होता. ‘विलायतेहून परत येताना राजाराम महाराज १८७० साली इटलीतील फ्लॉरेन्स येथे वारले’ एवढे एक वाक्य फळ्यावर लिहून मी पुढे सरकणार, इतक्यात मागून आवाज आला, “सर, मग त्यांना अग्नी कुठं दिला?”

मला ठाऊक नव्हते. तसे सांगायचे सोडून मी म्हणालो, “खाली बैस. परीक्षेला ते येत नाही.” पोरगा खाली बसला. प्रश्न मात्र माझ्या मानगुटीवर बसला तो कायमचा.

पुढे काही वर्षांनी फ्रान्स-इटलीच्या सहलीचा योग आला. मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या मास्तराला हा योग फुकट येत नाही. दोन कादंबऱ्यांचे मानधन, पतपेढीचे कर्ज आणि आमच्या सौभाग्यवतीने डब्याडब्यांत साठवलेली शिल्लक, अशी सगळी गंगाजळी एकत्र करून मे महिन्याच्या सुटीत आम्ही निघालो. निघताना त्या पोराचा प्रश्नही मी सामानाबरोबर घेतला होता.

पॅरिस पाहिले. १८८९ सालचा आयफेल मनोरा चढून उतरलो, लूव्हरमध्ये पाय दुखेपर्यंत हिंडलो. त्यावर आजवर इतक्या जणांनी लिहिले आहे, की वाचकहो, तुम्हांला त्यातून मी मोकळे करतो. मार्सेयचे बंदर आले तेव्हा मात्र गाडीतली सारी मंडळी आपण होऊन गप्प झाली. ८ जुलै १९१० रोजी सावरकरांनी ‘मोरिया’ बोटीतून इथेच उडी घेतली, हे कोणाला सांगावे लागले नाही. एका आजोबांनी तर पाण्याकडे पाहून हात जोडले. मला बरे वाटले. आणि लगेच मनात आले, फ्लॉरेन्सला गेल्यावर यांतले किती जण माझ्याबरोबर हात जोडायला येतील?

फ्लॉरेन्सला मार्गदर्शकाने एक दुपार मोकळी दिली. ब्रुनेलेस्कीचा घुमट सकाळीच पाहून झाला होता, मायकेलअँजेलोचा डेव्हिडही झाला होता. मंडळी चामड्याच्या पिशव्यांच्या बाजाराकडे वळली. आम्ही दोघे ट्रामने काशिने बागेच्या तोंडाशी उतरलो. ही बाग म्हणजे एके काळची मेदिची घराण्याची गुरे पाळण्याची आणि शिकारीची जागा. लांबीला सुमारे साडेतीन किलोमीटर, एका अंगाला आर्नो नदी; आणि आम्हांला जायचे होते ते अगदी पार टोकाला.

“अहो, अजून किती?” या प्रश्नाला मी तीनदा “हे काय, आलंच” असे उत्तर दिले. चौथ्यांदा ते खरे ठरले.

मुन्योने नावाची लहानशी नदी तिथे आर्नोला मिळते. त्या संगमाजवळ झाडांच्या सावलीत एक छत्री उभी आहे. छत्रीखाली रंगवलेला अर्धपुतळा. डोक्यावर पागोटे, अंगावर दागिने, आणि चेहरा असा कोवळा, की आमच्या सौ. पटकन म्हणाल्या, “अगंबाई, हा तर पोरगाच आहे!”

पोरगाच होता. हे राजाराम महाराज म्हणजे शिवछत्रपतींचे धाकटे चिरंजीव नव्हेत, आणि राजर्षी शाहूंचे चिरंजीवही नव्हेत. हे मधले. जन्म १३ एप्रिल १८५०, पाटणकर घराण्यातला. १८६६ साली दत्तक येऊन ते कोल्हापूरच्या गादीवर बसले. कारभार इंग्रज पोलिटिकल एजंटाच्या हाती होता, पण मुलाला शिकण्याची हौस होती. इंग्रजी त्यांना चांगले येई. १८७० साली त्यांनी विलायतेला जायचे ठरवले. समुद्र ओलांडला की धर्म बुडाला, असे मानण्याचा तो काळ. हिंदू राजाने असे पाऊल टाकणे ही तेव्हा केवढी गोष्ट होती, याची आज तिकीट काढून विमानात बसणाऱ्या आपल्याला कल्पनाही येणार नाही.

इंग्लंडमध्ये त्यांनी राणी व्हिक्टोरियाची भेट घेतली, पार्लमेंट पाहिले, आणि जे पाहिले ते रोजनिशीत इंग्रजीतून लिहून ठेवले. बरोबर असलेल्या कॅप्टन वेस्ट यांनी ती रोजनिशी पुढे १८७२ साली लंडनमध्ये छापून काढली. म्हणजे आमच्यासारखेच तेही प्रवासी होते. पाहावे, विचारावे, टिपून ठेवावे, असे.

नोव्हेंबरात ते परतीला लागले तेव्हा युरोपात युद्ध पेटलेले होते. प्रशियाच्या फौजांनी सप्टेंबरपासून पॅरिसला वेढा घातला होता, तेव्हा तिकडून येणे शक्यच नव्हते. प्रकृती ढासळत असताना ते फ्लॉरेन्सला पोचले. हे शहर त्या वेळी इटलीची राजधानी होते. इथल्याच एका हॉटेलात ३० नोव्हेंबर १८७० रोजी, वयाच्या विसाव्या वर्षी, त्यांनी देह ठेवला.

आणि इथे माझ्या विद्यार्थ्याचा प्रश्न त्या शहरापुढे उभा राहिला. अग्नी द्यायचा कुठे? इटलीत दहनाची चाल नव्हती, कायद्याची परवानगीही नव्हती. मृत्यू म्हणजे दफन, एवढेच लोकांना माहीत. बरोबरची मंडळी आपला धर्म सोडायला तयार नव्हती. शेवटी फ्लॉरेन्सच्या अधिकाऱ्यांनी खास बाब म्हणून परवानगी दिली. दोन नद्यांच्या संगमाची जागा शोधली गेली ती ही, गावाच्या वस्तीपासून दूर. त्याच रात्री प्रेत काशिनेत आणले आणि चिता रचली. गावातले लोक काळोखात ते पाहायला जमले होते. असे काही त्यांनी पूर्वी पाहिलेले नव्हते.

मी संगमाकडे पाहत होतो आणि मला आमची प्रयाग चिखली आठवत होती. तिथे नद्या मिळतात आणि पंचगंगा होते. तिच्याच घाटावर छत्रपतींच्या घराण्याच्या समाध्या आहेत. ज्याने तिथे विसावायचे, त्याला परक्या लोकांनी परक्या नदीचा का होईना, पण संगम दिला. कायदा मोडून नव्हे, तर वाकवून. माणुसकीसाठी कायद्याला कधी कधी थोडे वाकता येते, हे त्या रात्री फ्लॉरेन्सने दाखवले. इटलीत दहनाच्या सुधारणेची चर्चा तेव्हा विद्वानांत सुरू झालेलीच होती. पुढे १८७६ साली मिलानमध्ये आल्बेर्तो केलर या गृहस्थांचे दहन झाले, आणि १८८८ साली कायद्यानेच त्याला मान्यता दिली.

छत्री १८७४ साली उभी राहिली. पुतळा घडवला फ्लॉरेन्समध्ये राहणाऱ्या फुलर नावाच्या इंग्रज शिल्पकाराने. छत्रीचा आराखडा मेजर मँट यांचा. कोल्हापूरकरांना मँट परके नाहीत. आपला नवा राजवाडा त्यांचाच. म्हणजे ज्या हाताने घर काढले, त्याच हाताने समाधीही काढली. १८८० साली सुरू झालेल्या राजाराम कॉलेजच्या रूपाने महाराजांचे नाव आपण रोज घेतो. ते कोणाचे, हे मात्र विसरतो. फ्लॉरेन्सकरांनी तसे केले नाही. त्यांनी या टोकालाच ‘इंदियानो’, म्हणजे ‘हिंदी माणूस’, असे नाव देऊन टाकले. १९७८ साली जवळच आर्नोवर मोठा पूल झाला, त्यालाही तेच नाव. रोज हजारो मोटारी आमच्या महाराजांच्या नावावरून जातात.

सौ.नी गवतातली दोन रानफुले खुडून छत्रीपाशी ठेवली. मी काही बोललो नाही. इतकी वर्षे एका ओळीत उरकलेला तो मुलगा समोर होता, आणि वर्गात पोरांनी चुकल्यावर उभे राहतात तसा मी उभा होतो.

संध्याकाळी मंडळींनी नव्या पिशव्या दाखवल्या आणि विचारले, “मास्तर, तुम्ही कुठं होता?”

“आमच्या गावचे एक जण इथं असतात,” मी म्हणालो, “त्यांना भेटून आलो.” मग जेवताना सगळी हकीगत सांगितली. मार्सेयला हात जोडणारे आजोबा ताटावरचा हात थांबवून ऐकत होते. ते म्हणाले, “आधी का नाही सांगितलंत? आम्हीही आलो असतो.” त्यांचे खरे होते. मास्तराने सांगितले नाही, तर लोकांना कळावे कसे?

आता तो धडा आला की मी त्या एका ओळीला पुरा तास देतो. ज्याने विचारले तो मुलगा शाळा सोडून केव्हाच गेला. हा अंक त्याच्या घरी येत असेल, या आशेने उत्तर इथे देतो. बाळ, अग्नी आर्नो आणि मुन्योनेच्या संगमावर दिला. प्रश्न तुझा बरोबर होता. खाली बसायला हवे होते ते मास्तराने.